सोडियमचा बारावा ठिपका

माझा मामा पेंटर. म्हणजे चित्रकार नव्हे, पाट्यांचा पेंटर. एके काळी बाजारातून मान वर करून चाललं की मामाच दिसायचा. शिंप्याच्या पाटीवरच्या 'श'ची शेपटी त्याची, दातांच्या डॉक्टरच्या दाढेवरची चमक त्याची. मग फ्लेक्स आले. एकेक पाटी उतरत गेली आणि शेवटी त्याच्या हातची एकच उरली, 'येथे वाहने लावू नयेत'. तिच्यापुढे कायम एक गाडी लावलेली असते, त्यामुळे तीही दिसत नाही.

अशात शाळेतून बोलावणं आलं. प्रयोगशाळेच्या लांब भिंतीवर पहिल्या वीस मूलद्रव्यांचे अणू काढायचे होते. कल्पना विज्ञानाच्या बाईंची. मुख्याध्यापकांचा जीव फ्लेक्समध्ये. बाईंनी हट्ट धरला म्हणून ते "बरं" म्हणाले, पण अट घालूनच. शनिवारी तपासणी, आणि चुका निघाल्या तर भिंतीवर छापील फ्लेक्स ठोकायचा.

"ठोकू देत," मामा घरी येऊन म्हणाला. "त्याच्याखाली काम तर माझंच असेल."

तो हे जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. त्यावरून मामीने ओळखलं की गडी घाबरलाय. तिची धीर द्यायची पद्धत वेगळी आहे. "घरातल्या डब्यांवर मीठ-साखर लिहायला तुम्हाला वीस वर्षं सवड झाली नाही. अजून चहात मीठ पडतं. आणि निघाले अणूंना नावं द्यायला!"

बाईंनी दिलेल्या कागदावर प्रत्येक मूलद्रव्याची खूण होती आणि तिच्या डावीकडे दोन आकडे, एक वर, एक खाली. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन किती ते त्यातून काढून घ्या, म्हणाल्या. मामाची शाळा सातवीत सुटलेली. मी विज्ञानाचा पदवीधर. सध्या घरीच असतो, कारण विज्ञानाला अजून माझी गरज पडलेली नाही. कागद माझ्याकडे आला.

"सोपं आहे," मी म्हणालो. "खालचा आकडा म्हणजे प्रोटॉन. इलेक्ट्रॉनही तेवढेच. वरच्यातून खालचा वजा केला की उरतात ते न्यूट्रॉन. हा बघ सोडियम. वर तेवीस, खाली अकरा."

"बारा उरले."

"ते न्यूट्रॉन. प्रोटॉन अकरा. दोघांचे आकडे मधल्या गोळ्यात, केंद्रकात. आणि इलेक्ट्रॉन अकरा, ते बाहेरच्या गोलांवर ठिपके. पहिल्या गोलावर दोन, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर उरलेला एक."

"एकटाच?"

"एकटाच."

मामाने नाक मुरडलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हायड्रोजनपाशीही तो अडला. "एकातून एक गेला. न्यूट्रॉनच्या जागी लिहू काय?"

"शून्य."

"शून्य रंगवणं सगळ्यात अवघड असतं बाबा," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्याही आकड्यात चूक लपते."

बाकीची यादी मी एकटाकी करून दिली. कार्बन सहा-सहा, ऑक्सिजन आठ-आठ, निऑन दहा-दहा. खालचा आकडा सम असला की बहुतेक जोडी सारखी, विषम असला की बहुतेक न्यूट्रॉन एकने जास्त. पुढे पुढे मला वजाबाकीचीही गरज वाटेना. घसरगुंडीवर बसल्यासारखा मी विसाव्या मूलद्रव्यापर्यंत आलो.

मामाने तीन दिवसांत भिंत भरली. खिळा आणि सुतळी घेऊन गोल मारले, आणि पेनाचं टोपण रंगात बुडवून सगळे ठिपके एका मापाचे उठवले. त्याचा एक नियम आहे. पाटी रंगवताना ती वाचायची नाही, नुसती बघायची. वाचलं की डोळा पुढे पळतो आणि हात मागे राहतो.

शनिवारी बाई पट्टी घेऊन एकेक ठिपका मोजत निघाल्या. मागे मुख्याध्यापक, हात पाठीशी बांधून. लिथियमपाशी बाई थांबल्या. पुढे सोडियमपाशी थांबल्या. मग पोटॅशियमपाशी.

"पेंटर, सोडियमचे इलेक्ट्रॉन किती?"

"अकरा."

"भिंतीवर बारा आहेत."

मुख्याध्यापकांचे हात पाठीवरून सुटले. लिथियमला चार, सोडियमला बारा, पोटॅशियमला वीस. तिघांच्याही बाहेरच्या गोलावर एकाऐवजी दोन ठिपके होते, समोरासमोर, अगदी नेटके.

"बाई, यादीत एकच होता," मामा म्हणाला. "पण एवढ्या मोठ्या गोलावर एकच ठिपका दिला की चित्र कलंडतं हो. म्हणून समोर एक दिला. तोलाला."

"आणि हायड्रोजनला नाही दिला तो?"

"त्याच्याकडे सगळा मिळून आहेच एक. त्यात कुठं हात घालायचा!"

बाईंना हसू आलं, ते त्यांनी पट्टीआड केलं. "पेंटर, ते कलंडणंच तर आम्ही शिकवतो. तो एकटा ठिपका टिकत नाही, सोडियम तो दुसऱ्याला देऊन टाकतो, म्हणून तर असा उतावळा. तुम्ही त्याचा तोल सावरलात आणि त्याचा केलात मॅग्नेशियम."

"तीन चुका," मुख्याध्यापक म्हणाले. "मी फ्लेक्सचं माप घ्यायला सांगतो."

"सोमवारपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी कसंबसं ऐकलं.

रविवारी मामाने तीन ठिपके भिंतीच्या रंगाने बुजवले. मग बाईंचा मूळ कागद घेऊन स्टुलावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम वाचलं. माझी यादी त्याने खिशातून काढलीच नाही. प्रत्येक अणूची वजाबाकी कोळशाने फरशीवर केली. अठराव्याला थांबला आणि मला हाक मारली.

"अरगॉन. वर चाळीस, खाली अठरा. किती राहिले?"

"बावीस."

"भिंतीवर अठरा आहेत."

मी भिंतीकडे पाहिलं. अठरा प्रोटॉन, अठरा न्यूट्रॉन, मामाच्या सुंदर वळणात. माझी घसरगुंडी.

"बाईंनी हे पाहिलं नाही," मी म्हणालो. "त्या ठिपके मोजत होत्या. गुपचूप दुरुस्त कर. चौथी चूक कळली तर तो माणूस फ्लेक्स आजच ठोकेल."

"हं," मामा म्हणाला आणि बारीक ब्रश धुवायला घेतला.

सोमवारी बाईंनी तिन्ही अणू मोजले. बरोबर होते. मुख्याध्यापक वळणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "साहेब, अजून एक चूक होती. अरगॉनच्या पोटात. बाईंना नाही सापडली. मला काल वजाबाकी करताना सापडली, आता बावीस केलेत."

मी जमिनीकडे पाहिलं. मुख्याध्यापक भिंतीजवळ गेले, चष्मा वर केला आणि स्वतः वजाबाकी केली. बाईंनीही केली.

"फ्लेक्सवर असती तर?" त्यांनी बाईंना विचारलं.

"तर अठराच राहिले असते. नाहीतर अख्खा फ्लेक्स नवा."

त्यांनी अजून ओलसर असलेल्या बावीसला बोट लावून पाहिलं, बोट निळं झालं, ते रुमालाला पुसलं. "राहू द्या भिंत," म्हणाले. "बाहेरच्या व्हरांड्यातही काहीतरी काढा. पण आधी वाचा."

अरगॉन कोणी बिघडवला ते मामाने तिथे सांगितलं नाही. घरी मात्र पहिला पाय आत टाकताच सांगितलं. तेव्हापासून चहात मीठ पडलं की मामी मला विचारते, "पदवीधर, यातून किती वजा करू?"

भिंत अजून आहे. मामा त्या खोलीत गेला की अरगॉनकडे खुशाल बघतो. सोडियमपाशी आला की मान वळवतो.

"कलंडलंय रे," म्हणतो. "बाई म्हणतात बरोबर आहे. असेल. पण कलंडलंय."