गळ्यातून वाहून आणलेला सूर

चहा निवण्यापूर्वी सांगून टाकतो. नंतर माझा धीर निवेल. एम.एस्सी. झाल्यावर मी एक शास्त्रीय प्रयोग केला, आणि त्या प्रयोगाने माझे जे केले ते वैऱ्याचेही होऊ नये!

सोलापुरास मावशीकडे राहून मी निबंध लिहीत होतो. विषय: गायन न शिकलेली माणसे सूर कितपत अचूक आणि कितपत सातत्याने लावतात. पुण्याचे माझे प्रोफेसर तो ऐकायला येणार होते. पसंत पडल्यास कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मला मिळेल, असे त्यांनी सुचवले होते. (सुचवले, वचन नव्हे. मी शब्द जपून वापरतो.)

विणकरांच्या आळीत नरसम्मा नावाच्या बाई मागासाठी सुताच्या कांड्या भरीत. रहाट फिरला की त्यांचे तेलुगू गाणे सुरू होई. रोज दुपारी मी त्यांचा पहिला सूर पकडी. पण मोजायचा कशावर? मावशीची पायपेटी हलवायला चार हमाल लागत! तेव्हा तो सूर मिटल्या ओठांनी गुणगुणत मी घरी आणी आणि पेटीशी ताडून पाही. पाच मिनिटांची तर वाट. यात चुकण्यासारखे काय होते, तुम्हीच सांगा?

वाटेत पानवाला हटकून विचारी, "काय ओ मास्तर, दाढ दुखतीय का?"

"म्म्म्म."

"लई ठणकतीय वाटतं!"

तिसऱ्या दिवशी मावशीने लवंग दाढेखाली धरायला दिली. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू तिच्या कानाशी लागल्या, "अहो, मुलगा हुंकारत येतो, ओळखही देत नाही. बाहेरचं काही नाही ना?" आठव्या दिवशी माझ्यावरून लिंबू उतरवण्यात आले. तरीही मी सूर सोडला नाही! शास्त्रनिष्ठा म्हणतात ती हीच, असे मला वाटले.

आणि निष्कर्ष? पेटीच्या पट्ट्यांवर सोमवारी काळी दोन, मंगळवारी पांढरी एक, बुधवारी थेट काळी पाच! मी सुबक तक्ता काढला आणि खाली लिहिले: 'न शिकलेला गळा रोज भटकतो.'

प्रोफेसर आले. तक्ता बराच वेळ पाहून म्हणाले, "सुरेख. आता त्या बाईंनाच इथं बोलवा ना."

पंधरा दिवसांत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

नरसम्मा आल्या त्या रहाट घेऊनच. "नुसतं बसून गायची सवय न्हाय आमाला. हात चालला की गळा चालतो की."

ओसरीवर त्यांनी सूर लावला. प्रोफेसरांनी पेटीची पट्टी दाबली: काळी दोन. पाणी दिले, अर्धा तास गप्पा मारल्या, पुन्हा गायला लावले: काळी दोन. रहाटाच्या घरघरीतून सूर मिळत असावा, अशी मी शंका काढली. नरसम्मांनी हसून रहाट थांबवला, हात मांडीवर ठेवले आणि गायल्या. काळी दोन! केसभरही इकडेतिकडे नाही.

ना गुरू, ना तंबोरा. सुराला नाव असते हेही या बाईंच्या गावी नाही. आणि तो सूर अंगणातल्या विहिरीसारखा, केव्हाही जा, जागच्या जागी!

"बाई, हे जमतं कसं?" मी विचारले.

"जमायचं काय त्यात? गाणं जितं हाय तितंच हाय. त्याला कशाला हुडकायचं?"

तेवढ्यात प्रोफेसर मला म्हणाले, "आता हाच सूर घेऊन तुम्ही पानाच्या दुकानापर्यंत जाऊन या."

गेलो. परतताना गिरणीचा भोंगा झाला. मी तिकडे लक्षही दिले नाही. पेटीसमोर उभा राहून आत्मविश्वासाने सूर लावला.

नरसम्मांनी तोंडाला पदर लावला. "ओ मास्तर, ह्यो तर गिरणीचा भोंगा हाय की!"

प्रोफेसरांनी माझ्याकडून तोच सूर तीनदा लावून घेतला. तीन सूर निघाले.

निबंध मी वाचला. तक्ता बदलावा लागला नाही, तो बिनचूकच होता. फक्त 'प्रयोगाखालील व्यक्ती' या रकान्यातले नाव बदलून तिथे माझे घालावे लागले.

जागाही मिळाली हो! मात्र उष्णतेच्या प्रयोगशाळेत. ध्वनीच्या खोलीवरून जाताना मी तोंड उघडू नये, आणि मिटूनही गुणगुणू नये, एवढीच अट होती.