दुसरी ओटी

त्या दिवशी देवीकडे मी चांगलं काही मागायला निघालोच नव्हतो. मिग-एकवीस विमानं निवृत्त झाली म्हणून नाशिकच्या आमच्या कॉलनीनं सत्कार ठेवला, तो माझ्या मित्राचा. आवाजाच्याही पुढे धावणारं ते विमान आम्ही दोघांनी एकाच स्क्वाड्रनमध्ये उडवलं. पण माझं इंजिन हवेत बंद पडलं, खुर्चीसकट मी बाहेर फेकला गेलो, मणका दबला आणि मेडिकल बोर्डानं मला कायमचं टेबलामागे बसवलं. तो उडत राहिला, स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. निवृत्तीनंतर घर घेतलं तेही आमच्याच गल्लीत. प्रत्येक समारंभात त्याचे किस्से, आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारा मी. पोटात दुखायचं, दुसरं काय.

सत्काराआधी बायको सप्तशृंगी गडावर निघाली. माझ्या अपघातापासून ती दरवर्षी देवीच्या दोन ओट्या भरते. एक माझ्यासाठी, दुसरी माझ्या मित्रासाठी, म्हणजे तिच्या भाऊजींसाठी. मी पॅराशूटला लटकत खाली येत होतो तेव्हा माझी जागा हेलिकॉप्टरला सापडावी म्हणून तो वर घिरट्या घालत राहिला होता. परतायचा हुकूम त्यानं मानला नाही, आणि टाकी कोरडी व्हायला आली तेव्हा कुठे उतरला. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तो दुसरा खण पाहिला की मी कुरकुरायचोच. यंदा तर मनात होतं, आई, सत्काराच्या दिवशी त्याचा घसा बसू दे.

गडावर ट्रॉली आहे. बायको ओट्या घेऊन ट्रॉलीनं वर गेली. पण मित्र गेल्या वर्षी पायऱ्या चढला होता, मग मी ट्रॉलीत कसा बसणार? निम्म्यावर कंबर धरली. बसवेना, उठवेना. तेवढ्यात नामपूरकडच्या एका माणसानं काही न विचारता माझा हात आपल्या खांद्यावर घेतला. त्याची माणसं पुढे निघून गेली, वर आरतीची घंटा वाजू लागली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आरती चुकेल.

"तुमले असं सोडीसन कसा जाऊ?" तो अहिराणीत म्हणाला.

मी पायरीवरच रडलो. परतायचा हुकूम आल्यावर मित्र रेडिओवर इंग्रजीत नेमकं हेच म्हणाला होता. तळावरून रेडिओवर बोलणाऱ्या कंट्रोलरनं मला दवाखान्यात सांगितलं होतं.

त्या माणसाच्या खांद्याच्या आधारानं देवीसमोर गेलो तेव्हा मागायचं राहूनच गेलं. दुसरी ओटी बायकोच्या हातून घेऊन मीच पुजाऱ्यांकडे दिली. वळून पाहिलं तर तो माणूस गर्दीत दिसेना. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही.

घरी आल्यावर मित्राला विचारलं, एवढे किस्से सांगतोस, त्या दिवसाचा का कधी सांगत नाहीस?

"पडला होतास तू," तो म्हणाला. "त्यावर मी टाळ्या कशा घेऊ?"

सत्काराला ती गोष्ट मी सांगितली. जळणं पुरतं गेलं असं म्हणणार नाही; त्याची कंबर अजून ताठ आहे. पण आई कुणाच्या रूपानं खांदा पुढे करील ते आपल्या हाती नाही. तिनं केला, की आपण मुकाट्यानं हात ठेवावा.