राणीच्या ओटीतले तांदूळ

बारा सप्टेंबरला म्हैसुरातल्या मेटगळ्ळी भागातल्या एका कारखान्यात मी बाराशे रुपये भरले. हजर होतो मी, पत्नी आणि तिथला सुपरवायझर. निर्यातीची लाकडी खोकी तिथे भट्टीत तापवून कीडमुक्त करतात. आमच्या दोन बाहुल्याही तशाच तापवून त्याने दाखला दिला.

बाहुल्या म्हणजे राजा-राणीची वीतभर उंचीची जोडी. म्हैसुरात मुलीच्या लग्नात आई ही जोडी देते आणि दसऱ्याला ती बाहुल्यांच्या मांडणीत सर्वांत वर बसते. आम्ही मराठी, पण चार पिढ्या इथे काढल्यावर ही रीत आमचीच झाली. मुलीचं लग्न ऑस्ट्रेलियात नोंदणी कचेरीत झालं, तेव्हा जोडी द्यायची राहून गेली. आता पत्नी स्वतःची, तिच्या आईने दिलेली जोडी घेऊन निघाली होती. लाकडात कीड असेल म्हणून तिथल्या विमानतळावर जप्त झाली असती, तर दुसरी आणायची कुठून? अशा बाहुल्या बऱ्याचदा रक्तचंदनाच्या असतात आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून लाकूड साधंच असल्याची मी सुताराकडून आधी खात्री करून घेतली होती.

विमानात ऑस्ट्रेलियाच्या कस्टम्सचा फॉर्म आला. लाकडी वस्तू : हो. खाण्याचे पदार्थ, धान्य, बिया यांपाशी मी थांबलो.

"खायचं काही घेतलंयस?"

"नाही म्हटलं ना. चटणीपूडसुद्धा तुम्ही काढायला लावलीत."

"परत एकदा आठव."

"अहो, सुम्ने, गप्प बसा. त्या पोरीने विचारलं नसेल एवढं तुम्ही विचारता." ती पोरगी म्हणजे हवाई सुंदरी.

मी 'नाही'वर खूण केली.

उतरल्यावर आम्हाला लाकडी वस्तूंच्या रांगेत पाठवलं. तपासणीला मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी दाखला वाचला, हातमोजे घातले आणि राजाचं बूड दिव्याखाली धरलं. राणीकडे हात गेला तशी पत्नीने माझी बाही ओढली.

"तिच्या पदरात गाठ आहे."

"कसली?"

"ओटीची. तांदूळ, हळकुंड, सुपारी. सासरी निघालेली बाई रिकाम्या ओटीने कशी पाठवायची?"

"मग मला 'नाही' का म्हणालीस?"

"तुम्ही खायचं विचारलंत. ओटी कुणी खातं का?"

मी लगेच इंग्रजीत सांगितलं की फॉर्मवरचं आमचं एक उत्तर चुकलं आहे, बाहुलीच्या साडीत धान्य आहे. बाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "मी गाठ सोडल्यावर सांगितलं असतंत, तर दंड लावावा लागला असता. आता दुरुस्ती करून सही करा."

गाठ पत्नीनेच सोडली. चिमूटभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी बाईंच्या पिवळ्या पिशवीत गेली. दोन्ही बाहुल्यांना किडीचं भोक, भुसा काही नव्हतं. त्यांनी जोडी परत दिली. पत्नीने राणीचा पदर सारखा केला आणि आम्ही बाहेर पडलो.

मुलगी घ्यायला आली होती. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आई, तांदूळ इथेही मिळतात गं."

"मग आधी दुकानात चल. रिकाम्या ओटीने राणीला उंबरा ओलांडू देणार नाही."

कस्टम्सला काही द्यावं लागलं नाही. मुलीच्या घराजवळच्या गुजराती दुकानदाराला तांदूळ, हळकुंडं आणि सुपारीचे अकरा डॉलर मी रोख दिले. ओटी त्याच्या काउंटरवरच भरली.