दात न काढणाऱ्या डॉक्टर

"येताना घरचा ब्रश आणा. वापरातला. नवा विकत घेऊन येऊ नका," हेदवीकर डॉक्टर फोनवरच बजावत. मारुती मंदिरापलीकडच्या गल्लीत त्यांचा दातांचा दवाखाना होता. पेशंटला खुर्चीत झोपवण्याआधी त्या बेसिनपाशी उभं करत आणि म्हणत, "घासा बघू, घरी घासता तसे." भलेभले तिथे ओशाळत. मी तर शाळेतली बाई, जन्मभर मुलांची नखं आणि दात तपासलेली. मी बाजारातून नवा ब्रश घेतला, फरशीवर घासून त्याचे केस वाकडे केले आणि तो नेला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला. "बराच वापरलेला दिसतोय," एवढंच म्हणाल्या. आमची ओळख अशी माझ्या लबाडीने सुरू झाली.

त्या मूळच्या हेदवीच्या. ठेंगण्या, चष्म्यावर भिंग आणि दिवा, आणि लोकांच्या तोंडात बघून बघून मान कायमची पुढे आलेली. बारीक सळईने दात आणि हिरडी यांच्यामधली खोली मोजायच्या आणि मदतनीस सुमनला मिलिमीटरचे आकडे सांगायच्या. निरोगी हिरडीचे दोन-तीन असतात. माझे पाच, सात, सात, आठ असे निघाले.

"दात बरे आहेत हो बाई तुमचे. जमीन खचलीय."

"मग काढून टाकायचे ना?"

"काढायला पाच मिनिटं पुरतात. परत लावता येत नाहीत."

हिरडी कापायची नाही, टाका घालायचा नाही. भूल द्यायची, बारीक टोकाचं हत्यार हिरडीखाली अलगद सरकवायचं आणि मुळावर बसलेला कठीण थर पाण्याच्या फवाऱ्यात काढत राहायचं, ही त्यांची रीत. एका बाजूलाच दीड तास लागे. अगदीच गेलेला दात तेवढा त्या काढत. आमच्याकडे दात हलला की उपटायचा आणि कवळी करायची, एवढंच ठाऊक. त्यामुळे दात न काढता घरी पाठवणारी ही कसली डॉक्टर, असं पुष्कळांना वाटे. "नुसता खरवडलान नि पाठवलान," असं पायऱ्या उतरता उतरता म्हणणारे मी ऐकलेत. डॉक्टरांच्याही कानावर जात असणार. त्या प्रत्येकाला तेच ऐकवत, "निम्मं काम माझं, निम्मं तुमच्या मोरीतलं. मोरीत काही मी येऊ शकत नाही."

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मिश्री लावता?"

"छे हो! शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ मीच देते."

शपथ मी देत होते, हे खरं होतं. मोरीच्या फळीवरच्या डबीतली भाजलेली तंबाखू रोज सकाळी हिरड्यांना चोळल्याशिवाय माझं पोट साफ होत नसे, हेही खरं होतं. नवरा वारलेला, मुलगी सासरी. डबीचं गुपित एकट्या माझं होतं.

डॉक्टर हात धुवायला वळल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाही लावत तर उत्तमच. लावणाऱ्यांना मी सांगून ठेवते. मिश्री हिरड्यांतलं रक्त दाबून धरते. सोडली की थोडे दिवस जास्त येतं. ते बरं होत असल्याचं लक्षण. घाबरून परत डबीकडे जायचं नाही, मला फोन करायचा."

केवढं दार उघडून दिलं होतं डॉक्टरांनी! मी मान डोलावली आणि पुढची तारीख घेतली.

त्याच महिन्यात बंदरावरची एक मासेवाली तिथे यायची. तिने बाहेरच्या बाकावरूनच आवाज दिला होता, "लावतंय ना मिश्री, दिसातून तीनदा! लाज कसली त्यात? दात तेवढा काढून टाक गो बाय!" डॉक्टर तिच्याच हेलात म्हणाल्या, "काढत नाय जा. मिश्री सोडतेस काय, ता सांग." तिने शिव्या देत देत सोडली. तिचे दात अजून जागेवर आहेत. बाजारात भेटली की तोंडभर हसते, आणि मला तिचं हसणं बघवत नाही.

चार वेळा जाऊन माझी सफाई पूर्ण झाली. मीही मिश्री सोडली, नऊ दिवस. नवव्या दिवशी चूळ गुलाबी पडली, दहाव्या दिवशी लाल. फोन हातात घेतला. पण फोन करायचा म्हणजे मिश्रीचं सांगायचं. मी फोन ठेवला आणि डबी उघडली. आठवड्यात रक्त थांबलं. मी स्वतःला बरी झाले असं जाहीर केलं आणि दातांच्या फटीत घालायला डॉक्टरांनी दिलेले चिमुकले ब्रश फेकून दिले. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन यायचा. "बाई, तपासणी राहिलीय. येता ना?" "येते हो," मी म्हणायची. गेले मात्र कधीच नाही.

दोन वर्षांनी, मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांसमोर, माझा खालचा दात भाकरीच्या घासात निघून आला. कुणीतरी कळवळून विचारलं, "अहो, तुम्ही हेदवीकरांकडे जात होतात ना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "जात होते. काय उपयोग? खरवडून खरवडून हिरड्यांची वाट लावली त्या बाईने."

शाळेतल्या बाईंचा शब्द! तो पालकांपर्यंत गेला, गल्लीत गेला, फोनवरच्या गटांतून गावभर फिरला. कुणी खात्री करायला आलं की मी तोंड उघडून दाखवायची. दुसरीकडे जाऊन मी सगळे दात काढून कवळी बसवली. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर माणसं कमी दिसू लागली. एकट्या माझ्यामुळे दवाखाना बंद पडला असं म्हणणं हीसुद्धा आढ्यताच होईल. पण माझा हात त्यात होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

एकदा भाजीबाजारात समोरासमोर आलो. मी भांडणाच्या तयारीत होते. त्यांनी विचारलं, "जेवण जातं ना नीट?" मी हो म्हटलं. त्या वाकलेल्या मानेनेच पुढे गेल्या.

गेल्या वर्षी दवाखाना आवरून त्या हेदवीला कायमच्या राहायला गेल्या. जुन्या पेशंटांच्या फायली सुमन घरोघर पोचवत होती. माझी तिने दारातच दिली, आत आली नाही. "बाई, ही फाइल नुसती दाखवली असती ना, तरी मॅडमवरचा आळ गेला असता," ती म्हणाली. "मी शंभरदा सांगितलं त्यांना. म्हणाल्या, पेशंटचं तोंड आपण चव्हाट्यावर मांडायचं नाही."

ती गेल्यावर फाइल उघडली. आकडे होते. त्यांच्या खाली ठसठशीत अक्षरात तारखेनिशी ओळी होत्या. फोन केला, येते म्हणाल्या. फोन केला, येते म्हणाल्या. पानभर तेच. मग पहिल्या पानावर आले. मिश्री लावतात का, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: नाही म्हणाल्या. वास आहे. सांगतील तेव्हा ऐकायचं, विचारून लाजवायचं नाही.

हेदवी काही दूर नाही. अजून मी गेलेली नाही. फाइल वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी मी मोरीत उभी होते. तोंडात एकही दात उरलेला नाही, तरी मिश्रीचं बोट हिरड्यांवरून फिरतच होतं.