दाल बाजारचा साफ फोटो

ईशान, मीरा,

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. दाल बाजार, दसऱ्याचा दिवस, दुकानांवर झेंडूची तोरणं, स्वच्छ रुंद रस्ता आणि मधोमध झोपलेलं एक कुत्रं. ईशानला तो मोठा करून टोरांटोच्या घरात सोफ्याच्या वर लावायचा आहे. मीरा विचारते, "आजी, तुमचं लश्कर शहर खरंच इतकं निवांत होतं?" इंटरनेटवर या फोटोखाली अनोळखी लोकांनी हळहळ लिहिली आहे. एकाने लिहिलंय, "क्या सुकून था."

भिंतीला खिळा मारण्याआधी हा फोटो कोणी काढला ते वाचा. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजीत या विषयावर मी एकदा लिहिलं आहे आणि त्याने काही साधलं नाही.

"जरा हट ना बाजूला. दोनच मिनिटं." हे त्यांचं वाक्य. म्हणताना ते डाव्या हाताचा पंजा उलटा करून हवेत असा फिरवत, जसं आपण जेवणानंतर टेबलावरचे कण झटकतो. तो पंजा फिरला की रस्त्यावरची माणसं खरंच कणांसारखी कडेला होत. हमाल पोती घेऊन थांबत, भाजीवाल्या टोपल्या उचलत. काळा कोट, लाकडी स्टँड, त्यावर पेटीएवढा कॅमेरा, आणि काळ्या कापडाखाली गेलेलं त्यांचं डोकं. डोकं आत असलं तरी हात बाहेरून लोकांना झटकत असे.

त्यांचा स्टुडिओ बाड्याच्या चौकाजवळ एका जिन्यावर होता. त्यांचे आजोबा शिंद्यांच्या दरबारात नोकरीला होते, आपलेही होते. म्हणून ते माझे काका. आपल्या लोकांत ज्याचं तोंड पाहू नये असं वाटतं त्यालाही नात्यानेच हाक मारावी लागते. मला ते आवडत नसत. आजही आवडत नाहीत, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली.

त्यांचा हात मात्र चांगला होता, हे मी नाकारत नाही. निगेटिव्हवर बारीक ब्रश आणि टोकदार पेन्सिल घेऊन ते तासन् तास बसत. देवीचे व्रण, मस, सुटलेलं पोट, सगळं त्यांच्या टेबलावर नाहीसं होई. लश्करातल्या निम्म्या मुलींची लग्नं त्यांच्या पेन्सिलीने जमवली असं लोक गमतीने म्हणत. शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या एका मुलीच्या हनुवटीवरचा तीळ त्यांनी काढून टाकला. लग्न लागलं, वरात इंदूरला पोहोचली, आणि माप ओलांडताना, आधी फक्त फोटो पाहिलेल्या सासूने तिला दारातच थांबवलं. "ही ती मुलगी नाही. तिला तीळ नव्हता." मुलीच्या बापाला शपथा घ्याव्या लागल्या. हे काकांच्या कानावर घातलं तेव्हा ते म्हणाले, "मग सासूला दुरून बघायला सांगायचं. तीळ फालतू होता."

जे त्यांना सुंदर वाटत नसे ते फालतू. बाजाराच्या फोटोत माणसं फालतू. कुत्रं मात्र चालत असे. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "काका, कुत्र्याला का नाही हाकललं?" ते म्हणाले, "कुत्रं नॅचरल दिसतं, बेटा."

आता माझ्या आत्याबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन आमच्याकडे परत आली. तिने भावाच्या घरी नुसतं बसून खायचं नाकारलं. दाल बाजारात एका डाळवाल्या शेठजींच्या दुकानापुढे दगडी ओटा होता. त्याच्या एका टोकाला ती मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला घेऊन बसू लागली. मराठी घरातल्या बायका तिच्याकडूनच नेत, आणि हळूहळू हिंदी घरातल्याही यायला लागल्या. "बाई, वो पीला वाला चूरन देना, चावल पे डालते हैं." आत्या म्हणायची, "चूरन नहीं है, मेतकूट है. नाव शीक, मग देते." त्या नाव शिकत आणि मग नेत.

घरात या गोष्टीचा उच्चार होत नसे. दरबारी माणसांची मुलगी रस्त्यावर बसते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं तर आई सांगे, "त्या देवळात गेल्यात." आत्या ऐकून म्हणे, "माझा देव फार लांब राहतो हो. यायला संध्याकाळ होते."

काका फोटो काढायला आले की आत्या स्वतःच उठायची. ते तिला हुसकावत नसत, उलट फार अदबीने म्हणत, "ताई, दोनच मिनिटं." ती पाटी उचलून बाजूच्या गल्लीत जाऊन उभी राही. शाळा सुटल्यावर मी तिथे असले तर दुसरी पाटी मी धरायची. ती दोन मिनिटं कधी कधी अर्धा तास चालत. नंतर काका येऊन मेतकुटाची पुडी विकत घेत आणि म्हणत, "तुमच्यासारखं मेतकूट पुण्यातही नाही." मला वाटे, एवढं आवडतं तर ते विकणारी का चालत नाही? आत्याला विचारलं तर ती म्हणे, "अगं, मोठ्या घरचे आहेत. मागितली दोन मिनिटं, दिली."

मी इंग्रजीत एम.ए. झाले त्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. सगळे ओटे तुटणार होते. मागच्या मोकळ्या जागेत जुन्या बसणाऱ्यांना लोखंडी गुमट्या, म्हणजे टपऱ्या, मिळणार होत्या, पण जुने आहोत हे दाखवावं लागणार होतं. बाकीच्यांकडे बाजारकराच्या पावत्या होत्या. आत्याकडे नव्हत्या, कारण ती शेठजींच्या ओट्यावर बसे आणि पावती फाडणारा तिला दुकानातलीच समजे. शेठजी लिहून देईनात, त्यांना त्या गुमटीत स्वतःचा भाचा बसवायचा होता.

"तू एवढी शिकलीस," आत्या मला म्हणाली, "मला माझी जागा मिळवून दे." तिने आयुष्यात माझ्याकडे एवढंच मागितलं.

मी अर्ज लिहिला. दोन पानं, उत्तम इंग्रजी, परिच्छेदांना क्रमांक. सोबत पुरावा हवा होता. मला दसरा आठवला. त्या दिवशी काकांनी समोरच्या कापडवाल्याच्या गच्चीवरून फोटो काढला होता. वरून त्यांनी पंजा फिरवला, पण आत्याभोवती गिऱ्हाइकांची एवढी गर्दी होती की तिला दिसलंच नाही. ती बसूनच राहिली. म्हणजे त्या एका फोटोत ती असणार होती.

मी स्टुडिओत गेले. आणि इथे मी ती चूक केली जी आपल्यासारख्या घरातली मुलगीच करू शकते. फोटो कशासाठी हवा हे मी सांगितलं नाही. आत्याला रस्त्यावर बसायची जागा हवी आहे, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "काका, दसऱ्याचा दाल बाजारचा फोटो हवाय. कचेरीतल्या साहेबांना द्यायचा आहे."

त्यांचा चेहरा फुलला. "साहेबांना? परवा ये. एकदम फर्स्टक्लास करून देतो."

परवा त्यांनी जाड पाकीट दिलं. चिकटवलेलं, मागे स्टुडिओचा शिक्का, वर साहेबांच्या हुद्द्याचं नाव. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडू नये, हे मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. मी उघडलं नाही.

कचेरीत मी आणि आत्या शेजारी उभ्या होतो. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग पाकीट फोडून फोटो बराच वेळ पाहिला आणि आमच्याकडे वळवला.

"इसमें आपकी बुआजी कहाँ हैं?"

ओटा होता. प्रत्येक दगड वेगळा दिसत होता. त्यावर कोणी नव्हतं, आत्या नाही, गिऱ्हाइकं नाहीत. भिंतीच्या विटाही जागच्या जागी रंगवलेल्या होत्या. रस्त्यात कुत्रं झोपलं होतं. तोच हा तुमचा फोटो.

"जगह तो खाली पड़ी है," साहेब म्हणाले. "ये तो आप ही का सबूत है." आणि त्यांनी अर्जावर नामंजुरीचा शेरा मारला. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर तोच शेरा मारला असता.

मी तशीच जिना चढून स्टुडिओत गेले.

"काका, आत्या कुठे आहे?"

"काढली ना," ते खुशीत म्हणाले. "तीन दिवस बसलो. गर्दी किती होती. साहेबांना आवडला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "अगं, मग सांगायचंस की."

या वाक्यासाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही, कारण ते खरं होतं. पण त्यांच्याबद्दलचा माझा राग तेवढ्यावर उभा नाही. तो पुढे जे झालं त्यावर आहे. निगेटिव्ह खरवडलेलं होतं, परत होणार नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे. तुम्ही लिहून द्या की या फोटोत एक बाई बसली होती आणि तुम्ही ती काढली. एवढंच. खाली सही."

"मी खोटे फोटो देतो असं लिहून देऊ? सरकारला?"

"जे केलंत ते लिहा."

"बेटा, माझे फोटो महालात लागलेत." ते खरंच घाबरले होते. "उद्या लोक म्हणतील, याच्या फोटोत काय खरं आणि काय नाही. माझं नाव जाईल ना."

"आणि तिची जागा?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि तो पंजा किंचित फिरवला. त्यांना ते कळलंही नसेल, सवयीने फिरला. मी जिना उतरले.

पावसाळ्याआधी ओटे तुटले. गुमटी शेठजींच्या भाच्याला मिळाली. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त एकदा, मी कसलं तरी पत्र लिहीत होते तेव्हा, शेजारून जाताना म्हणाली, "इंग्रजी छान होतं हो तुझं. साहेबही म्हणाले." त्यानंतर तिने घरी मेतकूट करायचं सोडलं. ज्या बाईने कधी कोणाला विचारून पाऊल टाकलं नव्हतं, ती रिक्षाने देवळात जाण्याआधी आईसमोर उभी राहू लागली. "वहिनी, जाऊ का?" आता ती खरंच देवळात जात होती.

नऊ वर्षांनी ती गेली. दहाव्याच्या दिवशी भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एकही नव्हता. आमच्या लग्नाच्या, मुंजींच्या सगळ्या फोटोंत ती वाढायला नाही तर मुलांना धरायला गेलेली होती. हार चौरंगावरच ठेवला.

त्या संध्याकाळी काका आले. कोट तोच, आत माणूस निम्मा झालेला. खुर्चीच्या टोकावर बसले आणि रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक तरी बसवून काढायला हवा होता. नाक फार सुरेख होतं ताईंचं."

तिचं नाक कसं होतं हे त्यांना आठवत होतं. ब्रशने पुसायला तीन दिवस लागले होते, म्हणजे तीन दिवस त्यांनी भिंगातून तिच्याकडेच पाहिलं होतं. इतकं लक्ष देऊन तिला आमच्यापैकीही कोणी कधी पाहिलं नसेल. मला एकदम रडू आलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी चहा करायला गेले. परत आल्यावर विचारलं, "साखर?" ते म्हणाले, "एक." आमचं शेवटचं बोलणं एवढंच. ते वारले तेव्हा सगळे मराठी लोक पोचवायला गेले होते, मी गेले नाही. त्याचं मला आज वाईट वाटत नाही.

मीरा, आमचं लश्कर निवांत नव्हतं. तिथे ओरडा होता, डाळीची धूळ होती, बैलांचं शेण होतं आणि दर चार हातांवर कोणी तरी आपलं पोट भरायला बसलेलं होतं. ती शांतता एका माणसाने टेबलावर बसून बनवली आहे. ईशान, फोटो लावायचा तर लाव, तुझी भिंत आहे. पण घरी येणाऱ्याने "किती सुंदर" म्हटलं तर तोरणाखालच्या ओट्याच्या डाव्या टोकावर बोट ठेव आणि इथे कोण होतं ते सांग. उंच, सावळी, नाक सरळ, समोरच्या दोन दातांत फट, मेतकूट मोजताना ओठ मिटलेले.

गेल्या महिन्यात सिटी सेंटरच्या बँकेतून परत येताना मी ई-रिक्षा केली. दाल बाजारात जायचं म्हटलं तर चालवणाऱ्याने विचारलं, "माताजी, बाई के कोने पे उतारूँ कि आगे?"

मी विचारलं, "कौन सी बाई?"

"पता नहीं. सब यही बोलते हैं. होंगी कोई."

त्याने मला जिथे उतरवलं तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. ओटा नाही, शेठजींचं दुकान नाही. त्या कोपऱ्याला अजून बाईचा कोपरा म्हणतात.

तुमची आजी