मोकळ्या रस्त्यावरची नारिंगी गर्दी

आधीच स्पष्ट करते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी मला शिकवायला येणार नाही. मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहिते, छापून आणते आणि बाजारात उभी राहून वाटते. अंगात आलेल्या बाईला भर जत्रेत "ताई, पाणी प्या आणि डॉक्टरकडे चला" असं म्हटलंय, आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्यात. या ग्रुपवरचे निम्मे अनुभव मला थापा वाटतात... अजूनही वाटतात. तरी हा लिहितेय, कारण हे दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आमचा तांडा कळमनुरी तालुक्यात. कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे निघालं की मधेच उजवीकडे एक फाटा फुटतो, तिथून आत. घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो, पण इथं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिते. वडील गेल्यावर मला काका-काकीनं वाढवलं. काका तीस वर्षं गाडी चालवतात. त्यांची जुनी व्हॅन आहे, आणि बाजाराच्या दिवशी तांड्यातल्या बाया मेथी, वांगी, मिरचीच्या पाट्या घेऊन त्यात बसतात. या बायांचा आठवड्याचा बाजार या एका गाडीवर चालतो. एसटी आमच्या फाट्यावर थांबेल याची खात्री कोणी देत नाही — त्यावरही माझं एक पत्रक आहे, पण ते राहू द्या.

गेल्या वर्षी काका चुकायला लागले.

पहिल्यांदा बाजारातून परतताना फाटा सोडून सरळ बाळापुरात गेले. गाडीत सात बाया. एकजण म्हणाली, "भाऊ, आज आमाला नांदेड दाखवून राहिले का?" सगळ्या हसल्या, काकाही हसले. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा काका रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसते बसून राहिले. "जरा थांबा गं," एवढंच म्हणाले.

पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांना विसरायचा आजार लागलाय, किल्ली काढून घ्या. काकीनं किल्ली काढून घेतली. काकांनी मागितली नाही, हे मला जास्त लागलं. दोन आठवडे माणूस अंगणात उभ्या गाडीच्या काचा पुसत होता.

मी काकीशी भांडले. शेवटी ठरलं असं — गाडीत रस्ता सांगणारं यंत्र लावायचं. त्याच्या भरवशावर काका हिंगोलीहून तांड्यापर्यंत न चुकता आले तर गाडी चालू. चुकले तर गाडी विकायची. काकी म्हणाली, "मंग पुन्हा माझ्यापुढं त्यांची वकिली करायची न्हाई." मी हो म्हणाले.

मोबाईल का नाही, असं विचाराल. काकांचा फोन बटणाचा. माझा फोन दिवसभर वाजतो, कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा पंप. म्हणून वेगळं यंत्रच हवं होतं, मोठ्या स्क्रीनचं, हिंदीत बोलणारं. आणि रस्त्यावरची गर्दी त्या-त्या वेळी दाखवणारं — लाइव्ह ट्रॅफिक. कारण रस्ता रुंद करायचं काम दीड वर्ष चालूय, आज कोणती बाजू बंद असेल हे त्यांच्या मुकादमालाही माहीत नसतं.

हिंगोलीत इरफानभाईंचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. त्यांनी दोन डबे काढले. एक स्वस्त, नुसता नकाशा. दुसरा सिमवर चालणारा, लाइव्ह ट्रॅफिकवाला. मोकळा रस्ता हिरवा, मंद गर्दी नारिंगी, जाम म्हणजे लाल.

काकांनी ते दुसरं यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. "आपुन चुकलो तर ही बाई रागावते का?"

"नहीं चाचा," इरफानभाई म्हणाले, "ये बाई बहुत सबरवाली है. दस बार चुको, दस बार बताएगी."

"मंग घरच्यापेक्षा बरी."

काकी दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिनं ऐकलं, पण मान वळवली नाही.

इरफानभाई म्हणाले, एक दिवस चालवून बघा, पटलं तर घ्या. यंत्र त्यांनी स्वतः काचेला चिकटवलं. काका चालवायला बसले, काकी शेजारी, मी मागे. निघताना काकीनं डॅशबोर्डला दोन्ही हात टेकवले, ते पुढे पूर्ण रस्ताभर काढले नाहीत.

कळमनुरीपर्यंत ती हिंदी बाई मोजकंच बोलली. सरळ जा, सरळ जा. नकाशावर रंग नव्हतेच, रस्ता साधा पांढरा. मला वाटलं, गर्दी नसेल म्हणून. कळमनुरी मागे पडली आणि स्क्रीनवर एक नारिंगी ठिपका आला. "आगे यातायात धीमा है. दो मिनट की देरी."

पुढे रस्ता रिकामा. म्हणजे अगदी रिकामा... उन्हात चकाकणारा रुंद रस्ता, मधे दुभाजक, आणि लांबवर एक बकरी. काकांनी तरी वेग कमी केला. ठिपका आला, गेला, काही नाही. थोड्या अंतरावर दुसरा. परत तेच वाक्य.

"डबा खराब आहे," मी म्हणाले. "ह्या कंपन्या गावाकडं काहीही खपवतात."

काकांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, आणि त्या जागी जाऊन उभे राहिले. खडी, मुरूम, बाकी काही नाही. काकी माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं, आता गाडी जाणार.

काका परत येऊन बसले. "वाकडी चिंच," म्हणाले.

"कुठंय?"

"हितं होती. हिच्याखाली बैलगाड्यावाले थांबायचे, बाया पाणी प्यायच्या. समदी गर्दी हितंच व्हायची. मागचा ठिपका शिंदीच्या झाडाचा. आता बघ, वढ्याच्या अलीकडं येईल. दुधवाल्याचा लिंब."

ओढ्याच्या अलीकडे नारिंगी ठिपका आला. "आगे यातायात धीमा है."

मी मागून दोन्ही सीटच्या मधे डोकं घातलं. काका आता यंत्राच्या आधी बोलत होते. "जोड आंबा." ठिपका. "मारुतीचा वड, हितं येष्टीबी पाच मिनटं थांबायची." ठिपका, आणि बाई म्हणाली, पाच मिनट की देरी. त्यांचा आवाज बदलत चालला होता, ओळखीच्या माणसांना हाक मारावी तसा. "आता शेवटची. बोडकी बाभूळ. बाभूळ गेली की दोनशे पावलं, आन् मंग..."

ठिपका गेला. काकांनी उजवीकडे गाडी घातली. दुभाजकातली ती अरुंद फट, जी ते तीनदा चुकले होते, बरोबर समोर होती. यंत्र वळा म्हणालं ते वळून झाल्यावर.

आम्ही तांड्यात शिरलो. मग काकीच म्हणाली, "तुमी झाडं बघून गाडी चालवत होतात व्हय?"

"मंग काय बघून चालवतेत? तीस वरसं झाडंच मोजली. पाट्या मला कुठं वाचता येतेत. झाडं तोडली, आन् समदा रस्ता एकसारका झाला."

"काहून न्हाई सांगितलं आमाला?"

"काय सांगू? झाड दिसत न्हाई म्हणून रस्ता गावत न्हाई, असं म्हणलो असतो तर किल्ली त्याच दिवशी गेली असती."

आता माझी लाज सांगते. रस्ता रुंद करायला ती झाडं तोडली तेव्हा सर्वांत मोठा आवाज मी केला होता. पत्रक माझं, निवेदन माझं, घोषणा माझ्या. किती झाडं गेली तो आकडा मी स्वतः उन्हात फिरून काढला होता. त्यात नाव एकाही झाडाचं नव्हतं. आणि ज्या माणसाचा सगळा रस्ता त्या झाडांबरोबर गेला, त्याच्या कष्टाची भाकर खाऊन मी रोज आंदोलनाला जात होते. त्याला एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन मी काकांबरोबर दुकानात गेले. सरळ म्हणाले, हे रिकाम्या रस्त्यावर गर्दी दाखवतं. इरफानभाईंनी बाजूचं छोटं झाकण नखानं उघडून आत पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"ताई, सिम तो ये रहा. मैंने डाला ही नहीं था. आपने डाला क्या?"

नाही.

"तो फिर गर्दी दिखाएगा कैसे? हवा में से?"

मी त्यांच्याकडूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि अर्धा तास उलटतपासणी घेतली. जुनी माहिती आत साठवलेली असेल? तो म्हणाला, या मॉडेलमध्ये तशी सोयच नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकानं आधी वापरलं असेल? डबा आमच्यासमोर फोडला होता. मी स्वतःचीही तपासणी घेतली. काका बोलायचे आणि मला ठिपके भासायचे, असं झालं का? पण पहिले दोन ठिपके काका बोलायच्या आधीचे. आणि आवाज काकीनंही ऐकला. ती तर अशा गोष्टींत माझ्याहून कडक आहे.

इरफानभाई म्हणाले, बदलून देतो. काका म्हणाले, "न्हाई. हेच द्या."

सिम घातल्यापासून यंत्र चोख चालतं. हिंगोलीतला जाम दाखवतं, बंद बाजू दाखवतं. कळमनुरी ते फाटा मात्र हिरवं, रोज हिरवं. मी सिम काढूनही तीनदा त्या रस्त्यानं गेले. पांढरा रस्ता, बाकी शांत. काकांना नांदेडला डॉक्टरकडेही नेलं, कारण भावनेच्या भरात मी किल्ली परत देणार नव्हते. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले आणि सांगितलं, डोकं ठणठणीत आहे, जवळचा चष्मा लागेल.

तेव्हा ते काय होतं, मला माहीत नाही. चमत्कार म्हणणार नाही. म्हणाले तर माझीच पत्रकं मला जाळावी लागतील. कोणाकडे तांत्रिक उत्तर असेल तर जरूर द्या, फक्त "श्रद्धा ठेवा" असं लिहू नका.

मागच्या बाजाराला मी गाडीत मागे होते, मेथीच्या पाट्या आणि बायांच्या गलक्यात. परतताना कळमनुरी सुटली आणि पुढच्या सीटवर काकीची मान कलली. डॅशबोर्डवरचा हात मांडीत पडला, तोंड थोडं उघडं, पदर वाऱ्यानं उडत होता. इतक्या महिन्यांत ती गाडीत पहिल्यांदाच झोपली होती. यंत्रातली बाई काही सांगायला लागली, तेव्हा काकांनी हात लांबवून तिचा आवाज बंद केला.

"निजू दे तिला," आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. "रस्ता म्या बघतो."