‘येतंय’ला आलेलं उत्तर

भूतखेत, करणी, देवचार यातलं मला काहीही पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. पिंगुळीला आमचं पाइप, नळ आणि पंपांचं दुकान आहे. नवरा गोडाऊन बघतो, काउंटर मी. भिंतीत ओल आली की गिऱ्हाईक म्हणतं, "वैनी, पाणी खंयसून येता ता कळणा नाय." मी म्हणते, कळेल. पाणी कुठूनतरी येतंच, शोधलं की सापडतं. या सदरातले अनुभव मी दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचायचे आणि प्रत्येकाला मनातल्या मनात कारण शोधून द्यायचे. आता माझ्याच गोष्टीला कारण सापडत नाहीये...

सुरुवात माझ्या बहिणीपासून करावी लागेल. नेहमी तिथूनच होते.

आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, चौसष्ट वर्षांची. सायन्सची टीचर, पुढे मुख्याध्यापिका, नोकरी सगळी बाहेरच्या जिल्ह्यांत. रिटायर झाली, कुडाळात राहायला आली आणि डोंगरात जाऊन तंबूत राहायला लागली. एकटीने! आधी लोक हसले. मग एका पोर्टलवर तिचा फोटो आला — नारिंगी तंबू, हातात चहाचा कप, मागे सह्याद्री — आणि तेच लोक माझ्या दुकानात येऊन विचारायला लागले, "ती डोंगरवाली तुमची भैण मां? धन्य हां!" तोटी माझ्याकडून घ्यायची आणि कौतुक तिचं करायचं.

माझ्या मुलीने, अनघाने, तो फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं — "मला मोठेपणी मावशी व्हायचंय." अनघा पुण्यात असते. मला फोन करते तो सोलकढीत कोकमाचं आगळ किती घालायचं ते विचारायला. मावशीशी तासन् तास बोलते. मी लग्न झाल्यापासून त्या दुकानाचं शटर उघडतेय, माझा फोटो कोणी काढला नाही.

"आई, तूपण जा ना एकदा मावशीबरोबर," ती म्हणाली.

बरोबर? मी तंबूच मागवला. हिरवा. आक्काला सांगितलं नाही.

जागा मात्र तिचीच निवडली. खोटं कशाला बोलू, ती राहते तिथेच राहून दाखवायचं होतं आणि तसाच फोटो अनघाला पाठवायचा होता. कुडाळहून माणगाव खोऱ्यात रस्ता जातो. खोऱ्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या आईचं माहेर. घर आता नाही, मामेभाऊ सगळे मुंबईला. तिथून दीड-दोन तास चढलं की सडा लागतो, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. लहानपणी आई तिथे गुरं घेऊन जायची. जिल्ह्यातले सगळे डोंगर सोडून तू त्याच सड्यावर परत परत का जातेस, असं मी एकदा आक्काला विचारलं होतं. "व्ह्यू बरो आसा," म्हणाली.

थंडीचे दिवस होते. शेवटच्या घरापाशी स्कूटर लावली. तिथल्या वैनीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"टीचरबाईंची भैण मां तू? तू पण तंबू घेवन इलंस? तुमच्या खानदानात कोणाक घरात झोप येना नाय काय गो?"

हसले. पण इथेही मी टीचरबाईंचीच बहीण.

चढ दमवणारा, गुडघे बोलायला लागले. पण वर पोचल्यावर एक गोष्ट मला आक्कापेक्षा बरी जमली. कातळात तंबूच्या खुंट्या जात नाहीत. आक्काचा तंबू पहिल्या वेळी उडून पार खालच्या करवंदीत गेला होता. मी दुकानातली नायलॉनची दोरी नेली होती. चारही कोपरे मोठ्या दगडांना आवळले. हललासुद्धा नाही. फोटो काढला, घावने खाल्ले, झोपले. रात्रभर काहीही झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत जे व्हायचं ते रात्री होतं. मी गाढ झोपले होते.

जे झालं ते सकाळी, लख्ख उन्हात. चहा झाला, तंबू गुंडाळला, सॅक पाठीला लावली आणि निघताना सवयीने तोंडातून गेलं — "येतंय हां."

आमच्याकडे बाहेर पडताना "जातंय" म्हणत नाहीत. "येतंय" म्हणायचं आणि घरातल्याने "ये" म्हणायचं. रिकाम्या घराला कुलूप लावतानाही मी म्हणते. जिभेचं वळण, दुसरं काही नाही.

पण पाठीमागून उत्तर आलं.

"ये. आणि येताना बायेक घेवन ये."

मोठ्याने नाही, कुजबुजूनही नाही. स्वयंपाकघरातून पडवीत ऐकू जाईल इतक्या आवाजात.

तुम्हाला यात काही वाटणार नाही, म्हणून सांगते. जग माझ्या बहिणीला आक्का म्हणतं. 'बाय' तिला फक्त आई म्हणायची. लग्नानंतर मी जवळच होते, दर रविवारी आईकडे जायचे. आक्का यायची गणपतीला आणि मे महिन्यात. आणि दर रविवारी मी उंबऱ्यावरून "येतंय" म्हटलं की आई साधं "ये" म्हणून कधी थांबलीच नाही. "ये. आणि येताना बायेक घेवन ये." जशी काही आक्का माझ्या पिशवीत होती! आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

भीती वाटली का? खरं सांगते — आधी राग आला. एवढा डोंगर चढून मी आले, आणि इथेही तीच हवी.

मग वळून बघितलं. उघडा सडा. वाळलेलं गवत, मी रचलेले दगड. माणूस लपेल असं झुडूपसुद्धा नाही. "कोण आसा?" मी विचारलं. परत विचारलं. वारासुद्धा नव्हता.

खाली येऊन वैनीला विचारलं, सकाळी वर कोणी बाई गेली होती का, गुरांमागे, लाकडांना? वाट तिच्या खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच जाते.

"माणूस खंयचो, रेडोसुद्धा जावक नाय," ती म्हणाली. "कित्या गो? तोंड असा कित्या केलंस?"

मी कारणं शोधली. डॉक्टरना विचारलं, बीपीच्या गोळ्यांनी असं होत नाही म्हणाले. सड्यावर लांबचा आवाज जवळ ऐकू येतो, मान्य. 'बाय' अशी हाक इथे कोणीही कोणालाही मारतं, तेही मान्य. पण माझ्या "येतंय"च्या पाठोपाठ, त्याच शब्दांत? पाणी कुठून आलं ते काही सापडलं नाही.

आक्काला सांगणार नव्हते. पण अनघाने माझा फोटो तिला पाठवला आणि ती तडक दुकानात आली — "सांगूक पण नाय माका!" गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. स्टुलावर बसली.

"परत सांग. काय म्हटल्यान?"

परत सांगितलं.

"माझा नाव घेतल्यान?"

"तुझाच. माझा कधी घेतल्यान आसा?"

"पण सांगितल्यान तुका," आक्का म्हणाली. "आये गेली तेव्हा मी वाटेर, गाडीत होतंय. तू तिच्याकडे होतंस. म्हणान जातंय गो मी थंय... व्ह्यू कसलो! इतक्या वेळा गेलंय. वाऱ्याशिवाय माका काय एक ऐकाक येवक नाय."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी लगेच ओळखली. तिचा फोटो पोर्टलवर आला त्या दिवशी मी तशीच बघत होते.

"निघताना तू 'येतंय' म्हणतंस?" मी विचारलं.

"कोणाक म्हणू? एकटीच आसतंय मां."

पुढच्याच आठवड्यात ती एकटी जाऊन आली. चांगलं मोठ्याने म्हणाली म्हणे, तीन-चारदा. काही नाही. मग परत दुकानात. आधी नायलॉनची दोरी मागितली, मग दोरीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ती म्हटल्यान मां, बायेक घेवन ये म्हणान?"

"म्हटल्यान."

"मगे?"

म्हणजे एकटीने जाते म्हणून जिचं एवढं कौतुक, तिला आता मी न्यायची! लगेच हो म्हटलं नाही. माल यायचाय, दुकान कोण बघणार, असं थोडं ताणून धरलं. बरं वाटलं.

या रविवारी दोघी जातोय. तंबू माझा. वर काय होईल ठाऊक नाही, बहुतेक काहीच होणार नाही. झालं त्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त निघताना "येतंय" दोघींपैकी कोणी म्हणायचं, यावरून आमचं आत्ताच वाजलंय.